गच्चीवर झोंबी लावायचाय: १९३२, १९४३ की १९८८?

रातकिडा
मंडळी, एक अडचण घेऊन आलोय. आमच्या सोसायटीत महिन्यातून एका शनिवारी गच्चीवर सिनेमा असतो. पाण्याच्या टाकीची भिंत हा पडदा, प्रोजेक्टर सेक्रेटरींच्या जावयाचा, चटया ज्याच्या त्याने आणायच्या. या खेपेला बहुमताने भुताचा सिनेमा ठरला आणि निवड माझ्या गळ्यात पडली.

मला मॉलमधून धावणारे, लचके तोडणारे झोंबी नकोत. झोंबी जिथला आहे तिथलाच सिनेमा हवा, म्हणजे कॅरिबियनमधलं हैती, तिथला वोडू धर्म, उसाचे मळे, ढोल. डोक्यात तीन आहेत. बेला लुगोसीचा 'व्हाइट झोंबी' (१९३२), मग 'आय वॉक्ड विथ अ झोंबी' (१९४३) आणि वेस क्रेव्हनचा 'द सर्पंट अँड द रेनबो' (१९८८).

शेवटचा काल रात्री पुन्हा पाहिला. पहिला तासभर पाय वर घेऊन बसलो होतो. सुरुवातीलाच एक माणूस मेला म्हणून जाहीर होतो, पेटी खड्ड्यात उतरते, वरून माती पडायला लागते आणि आत त्या 'मेलेल्या' माणसाच्या डोळ्यातून एक थेंब ओघळतो. खलास. त्यानंतर मी दिवा लावून ठेवला. पण शेवटची वीस मिनिटं? खुर्ची आपोआप सरकत येतेय, बरण्या फुटून आत्मे बाहेर येतायत, हीरो नुसत्या मनाच्या जोरावर खिळा ठोकतोय. मला चक्क हसू आलं. माझंच वय झालं की सिनेमा खरंच घसरतो? आणि तिघांतला कोणता लावू? प्रेक्षक वय वर्षे ६ ते ८२.

फरसाणवाला
कोणताही लावा, पण मध्यंतर ठेवा.

बेरकी_बोका
'झोंबिवली' लावा की. घरचा सिनेमा, सबटायटल नकोत. आणि सकाळच्या फास्ट लोकलला लटकलेले झोंबी आम्ही रोज बघतो, त्यामुळे कुणी घाबरणारही नाही.
(डोंबिवली पूर्व, पाणी उकळून पिणारा)

आडवाट
रातकिडा, तुमचं वय झालेलं नाही. सिनेमा घसरतोच.

पहिला भाग एवढा चांगला का आहे ते सांगतो. त्याला जमीन आहे. मुळात ते वेड डेव्हिस या हार्वर्डच्या वनस्पती-अभ्यासकाचं १९८५ चं पुस्तक. हैतीत माणसाला मेल्यासारखं करणारी एक पूड असते असं ऐकून तो ती शोधायला गेला होता. क्रेव्हनने त्याचा केला डेनिस ॲलन (बिल पुलमन) आणि काळ घेतला तो हैतीचा हुकूमशहा बेबी डॉक दुवालिये याची सत्ता गडगडत असतानाचा. ७ फेब्रुवारी १९८६ ला तो पळाला आणि सिनेमा आला १९८८ ला, म्हणजे जखम ओलीच होती. चित्रीकरण थोडं खुद्द हैतीत झालं, पण तिथलं वातावरण तापल्यावर गाशा गुंडाळून शेजारच्या डोमिनिकन रिपब्लिकला जावं लागलं. ते बाजार, त्या मिरवणुका, चेहऱ्यावरचा तो घाम स्टुडिओत येत नाही.

आणि झेक्स मोके! गुप्त पोलिसांचा प्रमुख पेट्रो. मऊ आवाजात, दाताच्या डॉक्टरने 'आ करा' म्हणावं तसं सांगतो की मला तुझी किंकाळी ऐकायची आहे. मोके मूळचा दक्षिण आफ्रिकेचा, वर्णद्वेषी राजवट अंगावर घेतलेला माणूस, १९८२ चा टोनी पुरस्कार मिळवलेला रंगभूमीवरचा नट. त्याने पोलिसी छळाची खोली नुसती ऐकून उभी केलेली नाही, हे जाणवतं. जोवर पेट्रो फक्त पोलीस आहे तोवर आपण थरथरतो. शेवटी त्याला जादूगार केला की तो आटोपला. जादूगाराला हरवता येतं हो. ठाण्यातल्या साहेबाला कसं हरवणार?

सांजवात
आडवाट, निम्मं पटलं. पण त्यातला गोरा हीरो कसा सुटतो तुमच्या नजरेतून? देश काळ्यांचा, धर्म त्यांचा, मेलेत ते, पुरलेत ते, आणि आपण दीड तास कुणाच्या डोळ्यांतून बघतो? बॉस्टनहून औषध कंपनीच्या पैशाने आलेल्या पाहुण्याच्या. मेरिएल ही तिथली डॉक्टर, मनोविकारतज्ज्ञ बाई, तिच्या वाट्याला काय, तर प्रेमप्रसंग आणि शेवटी ओलीस. क्रिस्टोफ खरा झोंबी झालेला माणूस. त्याचा सिनेमा कुठाय?

शिवाय 'वोडू म्हणजे काळी जादू' हे समीकरण प्रत्येक सिनेमा आणखी घट्ट करतो. हैतीने २००३ मध्ये वोडूला अधिकृत धर्म म्हणून मान्यता दिली. तो धर्म आहे हो. देव आहेत, पुजारी आहेत, आजाऱ्याची सेवा आहे, पूर्वजांचं स्मरण आहे.

आडवाट
सांजवात, मान्य. पण एक बघा, क्रेव्हनने चांगला पुजारीही दाखवलाय. पॉल विनफिल्डचा लुसियाँ सेलीन. वोडूतला हुंगान, म्हणजे पुजारी, आणि पैसे घेऊन दोन्ही हातांनी काम करणारा बोकोर यांत फरक असतो, एवढं तरी प्रेक्षकाला कळतं. नाव सुद्धा देवांचंच आहे. सर्प म्हणजे दांबाला आणि इंद्रधनुष्य म्हणजे त्याची बायको आयिदा-वेदो.

तिखटमीठ
म्हणजे आपल्याकडचा देवऋषी आणि मांत्रिक. गल्ली तीच, पाट्या वेगळ्या. दोघांकडेही कायद्याने लक्ष ठेवावं या मताचा मी आहे.

माहेरवाशीण
वोडूत अंगात येतं म्हणे. देवाला घोड्याची उपमा असते का काय असं वाचल्याचं आठवतंय.

मायामीकर
उलट आहे. घोडा माणूस, स्वार देव. ल्वा म्हणजे दैवत येऊन माणसावर बसतं, म्हणून ज्याच्या अंगात येतं तो 'घोडा'. आपल्याकडे झाड म्हणतात ना, 'ती देवीचं झाड आहे', तसंच. माझ्या आजोळी नवरात्रात एका काकूंच्या अंगात यायचं. एरवी सासूपुढे 'ब्र' न काढणारी ती बाई तेवढा वेळ सगळ्या घराला अरे-तुरे करायची. हैतीत कोणतं दैवत बसलंय हे चालण्या-बोलण्यावरून ओळखतात. बॅरन सामदी असला तर काळा कोट, टोपी, नाकातला आवाज आणि चावट विनोद. तो स्मशानाचा मालक. त्याच्या परवानगीशिवाय कबर उघडत नाही.

थोरला दुवालिये, पापा डॉक, १९५७ पासून १९७१ ला मरेपर्यंत सत्तेवर. तो हाच वेष करायचा. काळा सूट, टोपी, हळू नाकातून बोलणं. मूळचा डॉक्टर. लोकांना काय समजायचं ते लोक समजले. आणि त्याच्या गुंडांच्या फौजेला नाव पडलं 'तोंतों माकूत'. ते कुठून आलं माहितीये? पोरांना दाखवायच्या बागुलबुवावरून. हट्टी पोराला गोणीत भरून नेणारा काका. आपल्याकडे 'गोणीवाल्याला देईन हं' म्हणतात, तोच. फरक एवढाच की तिथे तो काळा चष्मा लावून खरंच यायचा आणि नेलेला माणूस परत यायचा नाही.

मी पंधरा वर्षं एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करतेय आणि शेजारच्या टेबलावर हैतीची बाई आहे. झोंबीबद्दल विचारायचा मला फार दिवस धीर झाला नाही. सविस्तर नंतर लिहिते, शिफ्ट संपतेय.

बेरकी_बोका
थोडक्यात, पेट्रो हा सिनेमातला कमी घाबरवणारा इन्स्पेक्टर.

नाडीपरीक्षा
पुडीबद्दल लिहितो, तो माझा प्रांत.

ज्या माणसावरून हे सगळं सुरू झालं तो क्लेर्व्हियस नार्सिस. २ मे १९६२ ला डेशापेलच्या अल्बर्ट श्वाइट्झर रुग्णालयात मृत्यूची नोंद, पुढे दफन. १९८० मध्ये लेस्तेर गावाच्या बाजारात एक माणूस अँजेलिना नावाच्या बाईपुढे उभा राहतो आणि घरातल्या माणसांनाच ठाऊक असलेलं लहानपणचं नाव सांगतो, मी तुझा भाऊ. गालावर एक व्रण, पेटीचा खिळा लागल्याचा. त्याचं म्हणणं असं की मला सगळं ऐकू येत होतं, हलता मात्र येत नव्हतं. रात्री उकरून काढलं, मारलं, बांधलं आणि उसाच्या मळ्यावर नेऊन राबवलं.

डेव्हिसचा सिद्धांत असा की पुडीत फुगणाऱ्या माशाचं विष असतं, टेट्रोडोटॉक्सिन. ते मज्जातंतूंतले सोडियमचे मार्ग बंद करतं. आधी ओठ-जीभ बधिर, मग हातपाय जातात, श्वास तोकडा होतो. माणूस शुद्धीवर राहू शकतो. उतारा नाही, श्वास यंत्रावर चालवायचा आणि विष उतरायची वाट बघायची. इथवर वैद्यक चोख आहे. पण हे विष वर्षानुवर्षं गुलामी करवू शकत नाही, ते उतरून जातं. म्हणून डेव्हिसने दुसरा टप्पा मांडला, धोत्रा. हैतीत त्याला 'झोंबीची काकडी' म्हणतात. धोत्र्याने भ्रम होतो, स्मृती विस्कटते, तेही खरं.

घोडं अडलं ते नमुन्यांवर. काओ आणि यासुमोतो या विषाच्या जाणकारांनी पुडी तपासल्या, तर त्यात विष नावालाच. डेव्हिसचं उत्तर, पूड एकटी काम करत नाही, ज्या समाजात माणूस वाढला त्याचा विश्वास काम करतो. वाद तिथेच लोंबकळला. पुढे १९९७ मध्ये लिटलवुड आणि दुयों यांनी 'लॅन्सेट'मध्ये तीन झोंब्यांची तपासणी छापली. कुणाला मनोविकार, कुणाच्या मेंदूला इजा, कुणी जन्मतः मंद. दोघांची डीएनए चाचणी झाली तर ते त्या घरचे नव्हतेच! रस्त्यावर भटकणारं हरवलेलं माणूस आणि मेलेल्या लेकराची वाट बघणारं घर, यांनी एकमेकांना ओळखून टाकलं होतं.

मला या शेवटच्या वाक्यापुढे क्रेव्हनचा अख्खा सिनेमा फिका वाटतो.

केंडमासा
माझ्या टोपणनावाचा विषय निघाला म्हणून आलो. तो फुगणारा मासा म्हणजे आमच्या मालवणाकडचा केंड. जाळ्यात आला की रापणीवर शिव्या. चोचीसारख्या दातांनी जाळी कुरतडतो, आत सापडलेली म्हाकलं खाऊन टाकतो. वाळूवर काढून टाकला की टम्म चेंडू होतो आणि 'गुर्रगुर्र' करत पडतो. लहानपणी आम्ही पायाने ढकलायचो. आजी लांबून ओरडायची, "हात लावू नको रे मेल्या त्याका!" आमच्या घरात तो कधी चुलीवर चढला नाही. यात झोंबी आहे हे आजीला माहीत असतं तर केवढा भाव वाढला असता.

फरसाणवाला
केंड किलोचा भाव काय?

केंडमासा
तुमच्यासाठी फुकट.

तिखटमीठ
नार्सिसला पुरलं कुणी, हे डॉक्टरांनी मुद्दाम सोडलं का? त्याचं म्हणणं, भावाने विकलं. जमिनीच्या वाटणीवरून! वोडू-बिडू राहू द्या, ही सरळ भाऊबंदकी आहे. आपल्याकडे सात-बारावरून नाव उडवतात, तिथे माणूसच उडवला. भाऊ मेल्याचं कळेपर्यंत तो गावाकडे फिरकला नाही म्हणे. झोंबी झाला तरी भावाची धास्ती गेली नाही, यावर माझा मात्र पूर्ण विश्वास आहे.

माहेरवाशीण
हसू की रडू :)

उसाचंकांडं
मी इथे एरवी फक्त वाचतो. पण ऊस निघाला म्हणून लिहितो.

'व्हाइट झोंबी' मी कॉलेजात असताना फाटक्या प्रिंटवर पाहिला. अभिनय नाटकी, लुगोसी डोळे वटारून बोटं गुंफतो, नायिका बाहुलीसारखी. सगळं कबूल. पण एक प्रसंग आहे, साखरेचा घाणा. लाकडाचं अजस्र चाक, ते ढकलणारी माणसं, वर फळीवरून टोपल्या घेऊन येणारी रांग. कुणी बोलत नाही. चाकाची करकर, बस. टोपली घेतलेला एक जण तोल जाऊन घाण्यात पडतो. ओरडत नाही. रांगेतला पुढचा थांबत नाही. चाकाची करकर तशीच. लुगोसी मळेवाल्याला सांगतो की ही माणसं इमानी आहेत, कामाच्या तासांची तक्रार करत नाहीत.

आमच्याकडे गुऱ्हाळ होतं. लहानपणी एकदा चरकात सदऱ्याची बाही गेली होती, वडिलांनी मागून ओढलं म्हणून हात राहिला. त्या प्रसंगाला माझा हात आपोआप मागे गेला. आणि दर हंगामात फडावर येणारी कोयत्याची जोडपी पाहिलीत. उचल अंगावर, पहाटे तीनला बैलगाडी, थंडीत तोंडं बांधलेली. मुकादम सांगेल तितके दिवस. हैतीवाल्यांना झोंबी कुठून सुचला हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

आडवाट
उसाचंकांडं, दंडवत.

त्यात भर. फ्रेंचांच्या काळात त्या बेटाचं नाव सां-दोमिंग, जगातली सर्वांत किफायतशीर साखर-वसाहत. आफ्रिकेतून आणलेला माणूस तिथे फार वर्षं टिकत नसे. गुलामांची एकच आशा होती की मेलो की सुटलो, आत्मा समुद्रापार गिनीला, आपल्या माणसांत परत जाईल. झोंबीची भीती ही त्या आशेच्या मुळावर घाव आहे. मेलास तरी सुटका नाही, तुझं धूड इथेच ऊस तोडत राहील. १७९१ च्या ऑगस्टमध्ये तिथे बंड पेटलं, त्याची सुरुवात बुवा कैमानच्या रानातल्या वोडू विधीने झाली असं परंपरा सांगते. १८०४ मध्ये गुलामांनी स्वतःचं राष्ट्र केलं.

आणि अमेरिकेला झोंबी कसा कळला? १९१५ ते १९३४ अमेरिकी सैन्य हैतीत ठाण मांडून होतं. रस्ते बांधायला गावकऱ्यांना दोरखंडाने बांधून वेठीला धरलं. त्याच काळात, १९२९ ला, सीब्रुक नावाच्या प्रवाशाने पुस्तक लिहिलं आणि १९३२ ला लुगोसी. वेठबिगारी करवणाऱ्यांनीच वेठबिगाराचं भूत घरी नेलं आणि तिकीट लावलं.

बेरकी_बोका
मग ते माणसं खायला कधी लागले?

आडवाट
१९६८. जॉर्ज रोमेरोचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'. त्यात वोडू नाही, बोकोर नाही, मालकच नाही. गंमत म्हणजे त्या सिनेमात त्यांना झोंबी म्हणतही नाहीत, 'घूल' म्हणतात. नाव नंतर लोकांनी चिकटवलं. तेव्हापासून झोंबी आपल्याला खातो ही भीती. त्याआधी भीती वेगळी होती, आपल्याला झोंबी करतील.

सांजवात
+१. आणि रातकिडा यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे की. डोळ्यातला थेंब ही जुनी भीती. सरकणारी खुर्ची ही दुसऱ्याच सिनेमातून आणलेली.

धुकं
मी असहमत. तुम्ही सगळे फार अभ्यास करताय. मला खुर्ची आवडते. बॉस्टनच्या त्या उच्चभ्रू जेवणात सूपच्या वाडग्यातून कुजका हात वर येतो तो प्रसंगही आवडतो. भुताचा सिनेमा आहे, शोधनिबंध नाही. नव्वदच्या दशकात व्हिडिओ लायब्ररीतून दहा रुपये भाड्याने कॅसेट आणून, आई-बाबा लग्नाला गेलेले असताना, चुलतभावांबरोबर पाहिलेला सिनेमा आहे हा. तो जमिनीखालचा प्रसंग, पेटीत तोंडावर कोळी चढतो आणि नायक ओरडतो की पुरू नका, मी मेलो नाही! त्या रात्री आम्ही पाच जण एका गादीवर झोपलो. मोठा भाऊ तर चादरीतून नाक बाहेर ठेवून, 'श्वास चालू आहे हे दिसलं पाहिजे' म्हणून.

आडवाट
हे बाकी खरं :) आणि खुद्द डेव्हिसलाही सिनेमा मुळीच रुचला नाही, त्यामुळे माझी बाजू 'अभ्यासू' आणि तुमची 'प्रेक्षकांची' धरू.

मायामीकर
आले. तर माझी शेजारीण.

एका वर्षी १ जानेवारीला तिने डब्यात भोपळ्याचं सूप आणलं. घट्ट, पिवळंधमक, मटण घातलेलं. म्हणाली, हे सूप मालक लोक प्यायचे, आम्हाला शिजवायची मुभा होती, चाखायची नाही. स्वातंत्र्य १ जानेवारीचं, म्हणून त्या दिवशी घरोघरी हेच. ते खाता खाता मी धीर करून झोंबीचं विचारलं. आधी ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुमच्या सिनेमातली टाचण्यांची बाहुली मी पहिल्यांदा इथे मायामीत पाहिली, एका भेटवस्तूंच्या दुकानात."

नंतर सांगितलं ते असं. तिच्या आजीला झोंबीची भीती वाटत नसे. दिसला तर कीव करायची. भीती असायची ती घरात माणूस गेल्यावर. मग जुनी माणसं कबरीत तीळ टाकायची, किंवा बिनभोकाची सुई आणि दोरा ठेवायची. बोकोर हाक मारायला आला की मेलेला माणूस तीळ मोजत बसेल, नाहीतर सुई ओवत बसेल, हाकेला ओ द्यायला त्याला सवडच मिळणार नाही. कुठे ओठ शिवायचे, तोंडून हुंकार निघू नये म्हणून. मी घरी येऊन डबा घासताना बराच वेळ त्या सुईचाच विचार करत होते. आपल्याच माणसाला मेल्यावर न संपणारं काम द्यायचं, का तर दुसऱ्याने त्याला कामाला लावू नये.

आणि मीठ! झोंबीला अळणी जेवण देतात. चुकून मीठ पोटात गेलं की त्याला भान येतं, आपण मेलोय हे कळतं, मग तो मालकाला न जुमानता थेट कबरीकडे चालायला लागतो.

तिखटमीठ
म्हणजे खाल्ल्या मिठाला जागतो, तो अक्षरशः!! आयुष्यभर आम्ही ही म्हण मालकाच्या बाजूने वापरत आलो.

आडवाट
सीब्रुकच्या पुस्तकात नेमकी हीच गोष्ट आहे. १९१८ चा हंगाम, साखर कंपनीच्या मळ्यावर 'ति-जोसेफ' नावाचा मुकादम नऊ-दहा गप्प माणसं घेऊन कामाला येतो, त्यांची मजुरी स्वतःच्या खिशात घालतो. एका सणाला त्याच्या बायकोला दया येते, ती त्यांना बाजारात नेते आणि गुळपापडीसारखी वडी खायला घेऊन देते. वडीतल्या शेंगांना मीठ लावलेलं, हे तिला ठाऊक नसतं. ते उठतात आणि डोंगराकडच्या आपल्या गावच्या स्मशानाकडे चालू लागतात.

उसाचंकांडं
नेमका मुकादमच.

फरसाणवाला
बघा, मी पहिल्यापासून सांगतोय की खारं काहीतरी ठेवा. फरसाण जीवनदायी आहे.

नाडीपरीक्षा
रक्तदाब असलेल्या झोंब्यांनी जपून.

रातकिडा
बाप रे, कुठून कुठे गेला धागा. पण प्रश्न तसाच आहे, शनिवार परवावर आलाय. क्रेव्हन बाद करतोय. खिळ्याचा प्रसंग आठवला आणि ६ वर्षांची पोरं आठवली. (पुरुष वाचकांना तो प्रसंग कुठला ते सांगायला नको.) आता १९३२ की १९४३?

सांजवात
१९४३, डोळे झाकून. ६९ मिनिटांचा आहे, ज्येष्ठांना पाठदुखी व्हायच्या आत संपतो. आरकेओ या स्टुडिओने निर्माता व्हॅल ल्यूटनच्या हातात हे भडक नाव ठेवलं आणि यावर सिनेमा कर म्हणून सांगितलं. त्याने 'जेन एअर' ही कादंबरी उचलून कॅरिबियन बेटावर नेली. दिग्दर्शक झाक टर्नर. किंकाळ्या जवळपास नाहीत.

सुरुवातीला कॅनडाहून आलेली नर्स घोडागाडीतून जाते. गाडीवान सांगतो, आमच्या पूर्वजांना जहाजाच्या तळाशी साखळदंडात बांधून इथे आणलं. ती कौतुकाने म्हणते, पण आणलं किती सुंदर जागी! तो म्हणतो, तुम्ही म्हणता तर असेल, बाई. अख्ख्या सिनेमात मला सर्वांत जास्त काटा त्या वाक्याला आला.

आडवाट
मीही १९४३ ला मत देतो. रात्री उसातून चालत जाण्याचा प्रसंग मोठ्या भिंतीवर, उघड्या आभाळाखाली पाहायला मिळणं हे नशीब आहे. वारा आला तर सोन्याहून पिवळं.

धुकं
मी अजूनही क्रेव्हनच. पण पोरांसाठी माघार.

रातकिडा
अहवाल.

१९४३ लावला. ३४ जण होते, डास वेगळे. पहिली दहा मिनिटं काळापांढरा आहे म्हणून कुरकूर. मग ते कॅलिप्सो, म्हणजे तिकडचं लोकगीत, गाणारा माणूस गात गात एक एक पाऊल नर्सच्या जवळ येतो, तिथे गच्ची गप्प झाली. उसातला प्रसंग आला आणि खरंच वारा सुटला. खालच्या मजल्यावर कुणाची तरी वाळत घातलेली चादर फडफडत होती, तो आवाज आम्हाला सिनेमातलाच वाटला. दोन बायका पुढे, झिरमिरीत ऊस, मध्येच लटकवलेलं मेलेलं जनावर, आणि वळणावर तो कारफूर नावाचा झोंबी. उघडा, उंच, डोळे बटाट्यासारखे, नुसता उभा.

दुसऱ्या मजल्यावरचा ६ वर्षांचा नातू आजीला विचारतो, "आजी, तो त्यांना मारणार का?" आजी ८२ च्या. म्हणाल्या, "नाही रे. त्याला तिथं उभं केलंय कुणीतरी." नातू म्हणाला, "मग त्याला बसायला सांगा ना."

सगळे हसले. आजी नाही हसल्या.

नंतर चहा. सेक्रेटरींचं म्हणणं पडलं की गाणी कमी होती. फरसाण दीड किलो आणलं होतं, संपलं. पुढच्या महिन्याला विनोदी सिनेमा ठरलाय, आणि निवड पुन्हा माझ्याकडेच आहे. नवा धागा काढतो.

फरसाणवाला
खारे शेंगदाणे होते ना त्यात?